कुस्ती मारल्यावर

खर्ड्याच्या जत्रेत माझ्या थोरल्या भावानं मोठी कुस्ती मारली, तेव्हा महायुद्ध चालू होतं. घरात दिव्याला रॉकेल मिळत नव्हतं, पण कुस्त्यांचा फड मात्र भरला होता.

आम्ही शेतकऱ्याची पोरं, दोघंही गावच्या तालमीत जायचो. मी बेताचाच, भाऊ मात्र खरा पैलवान. आमचे वस्ताद म्हातारे होते. डाव चुकला तर ते चालवून घेत, पण दमलेला गडी लगेच भिंतीला टेकून बसला की त्यांना खपत नसे.

"ऊर धडधडतंय तवर हिंडायचं," ते सांगत. "दम खाली बसू द्या, मग तुमी बसा. एकदम थांबलं की रगात पायात उतरतं, भोवळ येती."

म्हणून लढतीनंतर भावाला सावकाश हिंडवायचं, घाम पुसायचा, पाणी घोटघोट द्यायचं, हे काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशीची कुस्ती फार लांबली. ऊन उतरलं तरी कुणी हटेना. शेवटी भावानं घिस्सा मारून समोरच्याला चीत केलं. तो उठून उभा राहतोय तोच माणसं आखाड्यात घुसली आणि त्यांनी त्याला खांद्यावर उचललं. हलग्या कडाडू लागल्या, गुलाल उडू लागला.

"खाली घ्या त्याला. चालू द्या जरा," वस्ताद सांगत होते. शेजारी उभ्या असलेल्या मलाच ते कसंबसं ऐकू आलं.

मी गर्दीत घुसलो. भावाचे पाय लोंबत होते. अंगावरच्या लाल मातीतही त्याचा चेहरा पांढराफटक दिसत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओठ हलवले. मग त्याची मान पुढं पडली. लोकांना वाटलं, पैलवान नमस्कार करतोय. त्यांनी आणखी गुलाल उधळला. मी ओरडत होतो, माणसांना ढकलत होतो. एकदा त्याचं पाऊल माझ्या हाताला लागलं, पण रेटा आला आणि ते निसटलं. पुढच्याच क्षणी तो मागच्या बाजूला कोसळला.

जमिनीवर आडवा पडल्यावर थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. चक्कर गेली होती, पण उजवा खांदा मोडला होता. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, औत धरता येईल. कुस्ती मात्र आता नाही.

घरी आणल्यावर त्याला उचलणाऱ्यांपैकी एकजण भेटायला आला. तो उंबऱ्याशीच बसला.

"आमी लई आनंदात हुतो रं," तो म्हणाला.

"व्हय," भाऊ म्हणाला. "मीबी हुतो."

तो माणूस डोळे पुसत निघून गेला. भावाला कूस बदलता येत नव्हती, म्हणून त्यानं नुसतं तोंड फिरवलं. मी जवळ बसून राहिलो. त्याच्या अंगावर हात ठेवावा तर तो कुठं ठेवावा, हेही मला कळेना.