चाकं नसलेली बस

सुतारशाळेचं भलंमोठं दार बाजूला सरकलं, वरच्या काचांतून सकाळचं ऊन आत उतरलं आणि दोघा सुतारांनी ताडपत्री ओढली. समोर बस उभी. पूर्ण मापाची, पण सगळी लाकडाची. चाकं नाहीत, इंजिन नाही. नवी गाडी रस्त्यावर आणण्याआधी ती अशी लाकडात बांधायची आणि माणसं चढवून-उतरवून पाहायची.

ज्युस्तीन शाव्हान हाताची घडी घालून दारातच थबकली. बावीस वर्षं ती लियाँच्या बसमध्ये कंडक्टर होती आणि नव्या गाड्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. युद्धानंतरच्या पहिल्या गाडीने मागचा उघडा सज्जा नेला. तिथे उभी राहून ती अर्ध्या शहराला हात करायची. दुसरीने घंटेची दोरी नेली. आता ही काय न्यायला आलीय?

"ये ना, चावत नाही ती," आतून ड्रायव्हर मार्सियाल म्हणाला.

"तुला नाही चावणार. तुझी खुर्ची दिसतेय मला."

कंडक्टरची उंच खुर्ची मात्र कुठेच नव्हती. "ती अजून बसवायचीय का?" तिने विचारलं.

इंजिनिअर देल्माससाहेबांनी वहीत डोकं खुपसलं. "बघू, बाई. हा नुसता नमुना आहे."

मग तिला ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी एक लहानशी लाकडी थाळी दिसली.

"ही कशाला?"

"काडेपेटी, रुमाल ठेवायला," साहेब म्हणाले.

तिने थाळीवरून बोटं फिरवली. तीन खोलगट कप्पे, पुढची कड उतरती. अशीच सुट्या नाण्यांची थाळी तिच्या खुर्चीला होती, तिनेच कानसीने घासून केलेली. गेल्या महिन्यात हेच साहेब चार दिवस तिच्या गाडीत बसले होते. शेवटच्या थांब्यावर कॉफी पाजून त्यांनी विचारलं होतं, इतक्या झटपट सुटे कसे देता? आणि ती खुळी, रंगमंचावर उभं केल्यासारखी खुलली होती. सगळं करून दाखवलं होतं.

साहेबांनी घड्याळ काढलं. बोलावलेली दहा माणसं रांगेने चढू लागली. तिकिटं मार्सियालने द्यायची. तिसऱ्याच माणसाला सुटे देताना त्याच्या हातून नाणी निसटली आणि फळ्यांवर घरंगळत गेली.

"असंच असेल तर मी पायी जाते बाबा," टोपलीवाल्या म्हातारीने तोंड वाकडं केलं.

"ज्युस्तीनबाई," साहेब हळूच म्हणाले, "त्याला जरा दाखवता का?"

"आधी खरं सांगा, साहेब. माझी खुर्ची यात कधीच बसणार नाहीये ना?"

देल्माससाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. "नाही, बाई. पुढच्या वर्षापासून गाडीत एकच माणूस."

संशय खरा ठरला, पण त्याचं समाधान तिला काही वाटलं नाही. मग तिने मार्सियालला खांद्याला धरून उठवलं, त्याच्या जागी बसली आणि लाकडी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"मला गाडी चालवायला शिकवा, साहेब. ते सहा आठवड्यांत येतं म्हणतात. सुटे द्यायला शिकायला याला बावीस वर्षं लागतील."