निर्दोष वाइंडिंग

कोलशेत रोडवरच्या पाइपच्या कारखान्यात बारा वर्षांत पुष्कळ काही बिघडलं, पण महिपत भोईरने भरलेली मोटार बिघडली असं कुणी म्हटलं नव्हतं. महिपत बाळकुमचा, आगरी. त्याचा बाप धाकू मिठागरावर राबला आणि पावसाळ्यात भात लावत राहिला. त्या भाताच्या खाचरांवर आता कारखान्याचं गोदाम उभं होतं. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी, असा शब्द कंपनीने दिला होता आणि तो तिने पाळलाही. महिपतच्या हातात झाडू दिला. भूमिपुत्राला रोज सकाळी आपलीच भूमी झाडायला मिळावी, याहून मोठा न्याय कोणता असणार?

झाडता झाडता तो म्हाताऱ्या वाइंडरच्या टेबलाशी रेंगाळायला लागला आणि तीन वर्षांत ते टेबल त्याचं झालं. जळलेल्या मोटारीतली काळी तार उपसायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी करून खाचांत बसवायची, वार्निश पाजायचं आणि मोठे बल्ब लावून भाजायचं, एवढंच ते काम. पण महिपतची वेटोळी अशी बसायची, की म्हाताऱ्याने निवृत्त होताना आपला लाकडी ठोकणा त्याला देऊन टाकला. रविवारी त्याच्या ओटीवर विहिरीवरचे पंप आणि पिठाच्या गिरणीच्या मोटारी येऊन पडत. 'भोईरची वाइंडिंग' हे बाळकुमपासून कशेळीपर्यंत नाव होतं.

महिपतला एक खोड होती. भरलेली मोटार तो उघडीबोडकी जाऊ देत नसे. वर हिरव्या ऑइलपेंटचे दोन जाड हात, कुंकवाचं बोट आणि नारळ. दसऱ्याला तर कारखान्यातल्या झाडून सगळ्या मोटारींना तो नवा रंग देई. "सासरी जानारी पोर आपून मलक्या लुगऱ्यात धारतो का?" असं तो विचारी. रंगवलेली मोटार फोटोत छान दिसते म्हणून साहेबलोकही खूश असत.

१९९४ च्या सुरुवातीला शेठ दिल्लीच्या प्रदर्शनाला गेले आणि तिथून ड्राइव्ह घेऊन आले. ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. तोवर जाड पाइप काढायला मशीनचा वेग बदलायचा तर पट्टा काढून लहानमोठ्या पुलीवर चढवावा लागे. मोटार आपली सदासर्वदा एकाच वेगाने पळत असायची. आता नुसतं एक बटण फिरवलं की मोटारच सावकाश नाहीतर जलद फिरणार होती. पेटीवर लाल आकडे उमटत. शेठनी आकड्यांना नमस्कार केला, तेव्हा बाकीच्यांनीही केला.

नव्या पेटीबरोबर नवी मोटार हवी होती. ती निवडायचं काम प्रॉडक्शन मॅनेजर टिपणीससाहेबांकडे आलं. टिपणीस डोंबिवलीचे, शिकलेले, आणि आपण शिकलेले आहोत हे इतरांना विसरू न देणारे. त्यांनी जुनी मोटार किती हॉर्सची ते पाहिलं. वीस होती. त्यांनी वीसची मागवली. या निवडीला त्यांनी तीन आठवडे घेतले.

मोटार बसवायच्या दिवशी महिपत बराच वेळ तिच्या मागच्या बाजूला, दांड्याच्या टोकाशी, उकिडवा बसला होता. मग उठून म्हणाला, "साहेब, येचा पंखा येच्याच दांऱ्यावर हाय."

"सगळ्याच मोटारींचा असतो, भोईर."

"व्हय. पन आपला जारा पाइप कारताना मशीन सावकाश चालवाचा, आन् जोर तेवराच लागनार. मोटार हलू फिरली का पंखा बी हलू फिरनार. मंग तिला वारा कोन घालनार? येक तर तीस हॉर्सची घ्या, नाय तर बाजूला येगला पंखा बसवा, सोताच्या मोटरीवर चालनारा."

पूर्वीची मोटार बारा वर्षं टिकली, कारण ती कायम पूर्ण वेगाने फिरत होती आणि तिचा पंखाही. हे झाडूवाल्याच्या लक्षात आलं होतं. ज्यांच्या लक्षात यायला हवं होतं ते टिपणीस हसले. म्हणाले, "भोईर, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे. मोटारीला काही व्हायच्या आत ड्राइव्ह स्वतःच बंद पाडतो. करंटचा आकडा पाहा, हद्दीत आहे की नाही?" आकडा हद्दीत होता. मोटारीला किती करंट जातो हे पेटीला कळत होतं. तिला वारा लागतो की नाही हे कळायला पेटीला ना हात होते ना नाक. ड्राइव्हबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात याबद्दल एक अख्खं पान होतं म्हणे. पण पुस्तक मळू नये म्हणून ते प्लॅस्टिकसकट कपाटात कुलूपबंद होतं.

एप्रिलमध्ये उकाडा वाढला तशी पेटीच बंद पडायला लागली. ताप आला की तिच्या पडद्यावर तशी खूण उमटे आणि ती काम थांबवी. धावपळ झाली. चार दिवसांत पेटीभोवती काचेची केबिन उभी राहिली, केबिनला एसी लागला, आणि पेटीवर नीट लक्ष राहावं म्हणून टिपणीससाहेबांनी आपलं टेबलही आत नेलं. कर्तव्यापुढे त्यांनी गारव्याची पर्वा केली नाही. मोटार मात्र बाहेर, प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळकांड्याच्या अंगाला अंग लावून उभी होती. तिला पडदा नव्हता. तिला ताप आला तर कुणाला सांगणार?

तिने मे महिन्यात सांगितलं. वास सुटला, धूर निघाला, मोटार जळाली. महिपतने ती भरली, भाजली, हिरवा रंग दिला. ऑगस्टमध्ये ती पुन्हा जळाली. त्याने पुन्हा भरली, पुन्हा हिरवी केली. दसऱ्याला सगळ्यांबरोबर तिलाही निळा हात मिळाला. दिवाळी उलटून आठ दिवस होतात न होतात तोच ती तिसऱ्यांदा जळाली.

या वेळी महिपतने उपसलेल्या काळ्या तारा तशाच उचलून केबिनमध्ये नेल्या आणि टेबलावर ठेवल्या. "साहेब, वाइंडिंगमधी चूक आसली का येका जाग्यावर जलतं. ह्या बघा, सगल्या सारक्या काल्या. ही भाजलीय, वांग्यावानी. आतून नाय, गरमीनं."

टिपणीसांनी तारांकडे पाहिलं, मग टेबलावर सांडलेल्या काजळीकडे. "काळं ते काळं," ते म्हणाले. "पहिली मोटार कंपनीची, मान्य. पुढच्या दोन्ही तुम्ही भरलेल्या." त्यांनी रुमालाने टेबल पुसलं. दोन दिवसांनी महिपतला निष्काळजी कामाबद्दल नोटीस आली. पंधरा दिवसांनी चौकशी ठरली.

नोटिशीपेक्षा महिपतला दुसरीच गोष्ट लागली. त्याची बायको सगुणा भाकरी थापता थापता सांगून गेली, की तिच्या भावाने, गोविंदाने, विहिरीवरचा पंप भरायला डोंबिवलीला नेला. सख्ख्या मेव्हण्याने! "त्याला कुनी सांगितलं का तुमच्या मोटरी जलतान," ती म्हणाली. ओटीवर दोन रविवार एकही मोटार आली नव्हती. महिपत जेवला नाही. नोकरीत टोचून बोलणारे साहेब त्याने बारा वर्षं पचवले होते, पण 'भोईरची वाइंडिंग' जळते हे त्याला गिळवेना. बापाची जमीन गेली तेव्हा त्याला काही करता आलं नव्हतं. हे एक नाव त्याने स्वतःच्या बोटांनी कमावलं होतं.

त्याने मोटार तिसऱ्यांदा भरली. नारळ फोडला नाही, रंगाचा डबाही उघडला नाही, एवढं त्याचं मन उडालं होतं. मशीन सुरू झाल्यावर कँटीनमधला उभा पंखा त्याने उचलून आणला आणि मोटारीसमोर लावला. कँटीनवाली ओरडत मागे आली, तिला त्याने हात जोडले. तासाभराने त्याने मोटारीच्या अंगावर पंजा ठेवला. पूर्वी पंजा टेकवताच काढावा लागे. आता पाच मोजेपर्यंत ठेवता आला. त्याचं म्हणणं खरं होतं. पण एवढ्या वाऱ्यात मोटार आणखी थंड व्हायला हवी होती, आणि ते त्याच्या मनात सलत राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबलं तेव्हा त्याने मोटारीच्या अंगावरच्या पन्हाळ्यांत पटाशी घातली. या पन्हाळ्या वाऱ्यासाठीच असतात. त्यांतून वारा खेळला की मोटारीची ऊब निघून जाते. पटाशीबरोबर रंगाची जाड सालपटं निघाली. वर दसऱ्याचा निळा, खाली ऑगस्टचा हिरवा, त्याखाली मे महिन्याचा हिरवा, आणि प्रत्येक थरात पाइपच्या कच्च्या मालाची पांढरी पूड चिकटून बसलेली. ओल्या रंगावर पूड बसली होती, तिच्यावर पुन्हा रंग, आणि पन्हाळ्या निम्म्याहून बुजल्या होत्या. त्याने सगळ्या साफ केल्या. दुपारी पंजा ठेवला तो वीस मोजून झाले तरी काढावा लागला नाही.

महिपत खाली फरशीवर बसला. पोरीला नटवून पाठवतो म्हणत त्याने तिच्या अंगावर गोधड्या घातल्या होत्या.

चौकशीच्या आदल्या दिवशी त्याने हे युनियनच्या उत्तमला सांगितलं. उत्तमने कपाळावर हात मारला. "अरे, हे आता कुणाला बोलू नकोस. नोटिशीत रंगाचं नाव तरी आहे का? तारा दाखव, पंख्याचं सांग, मोकळा हो. स्वतःच्या गळ्यात स्वतःच फास कशाला?"

पण मुख्य कचेरीतून आलेले चौकशी अधिकारी सभ्य निघाले, आणि सभ्य माणसापुढे महिपतची अडचण होई. त्यांनी तारा हातात घेतल्या, भिंग काढलं, खाचा तपासल्या. मोटार सावकाश चालते तेव्हा पंख्याचं काय होतं हे महिपतकडून नीट ऐकलं. "आणखी काही सांगायचंय?" असं त्यांनी विचारलं, आणि महिपत सांगून बसला. "साहेब, जास्ती चूक मोटर निवरली तिची. पन थोरी माजी बी हाय. मी रंग जारा दिला. पन्हाल्या भरल्या." त्याने सालपटांची पुडी टेबलावर ठेवली. टिपणीससाहेबांचा चेहरा असा खुलला, की एसी बंद केला असता तरी चाललं असतं.

अहवाल चौथ्या दिवशी वाचला गेला, त्याच काचेच्या केबिनमध्ये. पहिली ओळ होती: वाइंडिंग तपासले, काम उत्तम प्रतीचे, पूर्णपणे निर्दोष. दुसरी ओळ: मोटार तापण्याचे कारण कामगाराने परवानगीशिवाय दिलेला रंग. मोटारीच्या निवडीबद्दल अहवालात अवाक्षर नव्हतं. असणार कसं? खरेदीच्या कागदावर टिपणीसांच्या सहीखाली शेठची सही होती, आणि शेठची सही तापत नसते. शेवटी एक शिफारस होती: मोटारीला स्वतंत्र पंखा बसवावा, ही व्यवस्थापक श्री. टिपणीस यांची सूचना स्तुत्य आहे. महिपतला वाइंडिंग विभागातून काढून स्टोअरमध्ये पाठवायचं होतं. खाली त्याने 'मान्य' लिहून सही करायची होती.

उत्तमने त्याला दाराबाहेर ओढलं. "सही करू नकोस. मूळ नोटिशीत नसलेला आरोप लावलाय, हे टिकणार नाही. आपण हरकत घेऊ. अहवाल रद्द, चौकशी पहिल्यापासून. तोवर टेबल तुझंच."

"अहवाल रद्द म्हंजे सगला रद्द?"

"सगळाच."

"वाइंडिंगची वल बी?"

"ती पण जाणार. अरे, पण टेबल राहील ना!"

महिपतने काचेतून आत पाहिलं. लाल आकडे लागले होते आणि साहेब चहा पीत होते. पुन्हा चौकशी म्हणजे पुन्हा दुसरा अधिकारी, आणि त्याला तारा पाहायची इच्छा होईल न होईल. आणि रंगाचं तर खरंच होतं. तो आत गेला आणि उभ्यानेच सही केली. अहवालाची एक प्रत मागून घेतली. टिपणीस म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, भोईर. स्टोअरमध्ये सावली आहे." महिपतने मान हलवली. निवडीचं काय झालं, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण प्रतीची घडी खिशात घालून तो बाहेर पडला.

घरी सगुणाने कागद दिव्याखाली धरला. ती सातवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून ठेवून तिने पहिली ओळ वाचली आणि हरखून वर पाहिलं. "तुमचा काम उत्तम हाय, असा लिवलाय की! कंपनीचा शिक्का बी हाय."

"हां."

मग तिने खालचंही वाचलं. स्टोअरच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. "काम येवरा उत्तम," ती हळूच म्हणाली, "मंग ते कामावरना तुमाला कारला कशाला?"

महिपतने आपली बोटं पाहिली, तारेने चिरलेली, वार्निशने पिवळी पडलेली. आणि बाप गेला तेव्हाही न रडलेला महिपत भोईर बायकोसमोर ओक्साबोक्शी रडायला लागला.