मंजुश्रीचं बसवलेलं रीडिंग

तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं अटेंडंट आहे. तिथं प्रॅक्टिकल कसं होतं ते माझ्याकडून ऐका. उत्तर आधीच ठरलेलं असतं. रीडिंग मागून त्याच्यावर बसवतात. मागच्या वर्षीच्या पोरांच्या वह्या कपाटातून मीच काढून देतो. लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

अमडापूरची मंजुश्री यातच शिकली. आई जनकाबाई अंगणवाडीत मदतनीस. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिला पुण्याच्या एका संशोधन संस्थेत आठ आठवड्यांचा प्रकल्प मिळाला. आमच्याकडून असं जाणारी ती पहिलीच. प्रकल्पाच्या शेवटी तिथल्या मार्गदर्शक निवेदिता मॅडम शिफारसपत्र देणार होत्या, आणि पुढे मोठ्या संस्थेत पाय ठेवायचा तर ते पत्र हवंच होतं.

काम ऐकायला सोपं. धातूचा पातळ थर हळूहळू तापवायचा आणि त्याचा विद्युतरोध टिपत जायचं. आलेख सरळ वर चढायला हवा. चौथ्या आठवड्यात एका ठिकाणी आकडा भलताच आला. पोरीने हाताच्या सवयीने तो खोडला आणि रेषेवर बसेल असा लिहून टाकला. कुणाला पत्ताही लागला नाही. मॅडमनी तर आलेखाचं कौतुक केलं.

ते कौतुकच तिला डाचलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मॅडम, ते रीडिंग म्या बसवलं हाय. मले आता माह्या बाकीच्या आकड्यायवरबी भरवसा नाही. पुन्हा पह्यल्यापासून घ्या लागतीन."

बाकीची पोरं तिच्या बोलीला हसली. हसेनात का! त्यांच्यातल्या एकाने तरी असं कबूल केलं असतं का, सांगा मला.

उरलेल्या चार आठवड्यांत काम अर्धंच झालं. शेवटच्या दिवशी भिंतीवर इतरांचे पूर्ण आलेख आणि हिचा अर्धा. मॅडम म्हणाल्या, "तू प्रामाणिक आहेस, पण अपुऱ्या कामावर मला पत्र देता येत नाही." त्यांचा नियम असेल. मला मात्र अजून राग येतो.

ती परत आल्यावर आमच्या फिजिक्सच्या रमाकांत सरांनी तोडगा काढला. "रोध मोजायची मशीन बिघडली होती, म्हणून काम अर्धं राहिलं, असं लिहून दे. मी सही करतो, मॅडमना फोन करतो. तुला पत्र मिळेल, कॉलेजचंही नाव राहील."

"मशीन खरी होती, सर. मी खोटी होती. आता मशीनवर काऊन ढकलू?"

सर लालबुंद झाले. मी आपला टेबल पुसत राहिलो.

जानेवारीत पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज निघाले. तिने लॅबच्या कॉम्प्युटरवर त्याच संस्थेचा अर्ज भरला. आधीच्या अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: एक रीडिंग बसवलं होतं. कुणाला सापडलं नव्हतं, मीच सांगितलं. काम अर्धं राहिलं, पण तेवढं खरं आहे.

"पोरी, हे खोड," मी म्हणालो. "आपल्याच पायावर धोंडा काऊन पाडून घेतं?"

"राहू द्या, काका. घ्याचं असन तं हे वाचूनच घेतीन मले," ती म्हणाली आणि तिने सबमिट दाबलं.