शब्द मोडायचा नाही

हे लिहितोय त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज. माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे तलाठ्याला, सोसायटीला, वीज कार्यालयाला जे काही लिहायचं ते मीच लिहायचो. अर्जात काय मागायचं ते माहीत असतं. इथे मला जे हवंय ते मागून मिळण्यासारखं नाही, म्हणून हात अडखळतोय. एखाद्या चांगल्या लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी रंगमंचावर मी होतो.

मी कोरेगावकडचा. सांगलीला कॉलेजात आलो तेव्हा वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. ‘हाय’ की ‘आहे’, ‘आमी’ की ‘आम्ही’, असं मनात घोळवेपर्यंत तास संपायचा. हॉस्टेलच्या खोलीत जोडीदार मिळाला तो जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याला असलं काही घोळवावं लागत नसे. त्यानेच मला ओढत जिमखान्यामागे नेलं. तिथे पाच-सहा जण संध्याकाळी संहिता नसलेलं विनोदी नाटक करायचे. पोस्टरवर इम्प्रोव्ह असं लिहायचो, आपसात ‘आयत्या वेळचं’ म्हणायचो. प्रेक्षकांनी एक जागा सांगायची आणि दोघांनी तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. एक मुलगी घंटी घेऊन बसायची. तिने वाजवली की प्रसंग संपला.

नियम एकच होता. समोरचा जे म्हणेल ते खरं धरायचं. तो म्हणाला तू म्हैस आहेस, तर तू म्हैस. मित्राने तो नियम पहिल्याच दिवशी आपल्या भाषेत करून टाकला. “शब्द मोडायचा न्हाई. पावण्याचा मोडत न्हाईत, तसं.”

त्याने मला कितीदा सावरलं असेल! एकदा मला काहीच सुचेना. नुसता उभा राहिलो. तो माझ्याभोवती एक फेरी मारून आला, मान वर करून बघितलं आणि म्हणाला, “लय जुनं झाड हाय गड्या. पर सावली बेस देतंय.” मग माझ्या पायाशी बसून त्याने भाकरी सोडली. पुढचा सगळा वेळ मी झाड होतो, आणि लोकांना वाटलं मला अभिनय येतो.

एकदा वडील हॉस्टेलवर आले. बरोबर शेंगांची पिशवी. ऑफिसची फरशी मळेल म्हणून चपला काढून हातात घेतलेल्या, डाव्या हाताने छातीशी धरलेल्या. पोरं बघत होती. मी त्यांना घाईघाईने बाहेर काढायला लागलो, तेवढ्यात हा आला.

“आवं तात्या, घाला की पायात. फरशी काय कुणाच्या बाची न्हाई.”

वडील हसले. मग दोघं दुपारभर मेंढरांच्या खुरांवर बोलत बसले. माझ्याशी वडील एवढं कधी बोलले नव्हते.

पुढच्या वर्षी साताऱ्याला स्पर्धा होती. आमच्या वेळी प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “साहेबाची केबिन!” मी खुर्चीवर बसून फोनवर बोलायला लागलो. तो आत आला. हात रिकामे होते, पण डावा हात छातीशी होता आणि त्यात काय धरलंय ते मला लगेच कळलं.

“आरं लेका, केवढं हापिस हाय तुजं!”

माझे कान तापले. वाटलं, सगळ्या सभागृहाला कळलं की हे कोण आहेत.

“कोण आपण? मी आपल्याला ओळखत नाही.”

हशा पिकला. मग, मी त्याचा शब्द मोडला होता तरी, त्याने माझा धरला.

“बरुबर हाय. लय वर्सं झाली. मीबी आता म्हातारा झालो.”

मी टेबलावर हात आपटला. “शिपाई! यांना बाहेर काढा.”

टाळ्यांत घंटी ऐकूच आली नाही. त्याने वाकून चपला खाली ठेवल्या, पायांत घातल्या आणि निघून गेला. आम्हाला पहिला नंबर मिळाला. परीक्षकांनी माझ्या टायमिंगचं कौतुक केलं.

परतीच्या एसटीत उंब्रज मागे पडलं.

“लोकं हसली की,” शेवटी मीच म्हणालो.

“हसली. लोकं हसत्यातच.” तो खिडकीबाहेर बघत होता. “मी टिंगल करत न्हवतो रं. तात्या मला आवडत्यात. म्हणलं, एकदा तरी सायबाच्या केबिनात बसू देत.”

म्हणजे मला फक्त ‘या, बसा’ म्हणायचं होतं. तेवढं त्या एसटीतही त्याला बोलून दाखवता आलं असतं. मी झोपल्याचं सोंग घेतलं.

तो जिमखान्यामागे परत आला नाही. परीक्षेपर्यंत एका खोलीत राहिलो, पण ‘लाइट घालवू का’ याच्यापुढे बोलणं जात नव्हतं. मग तो गावी गेला. वडील अधूनमधून विचारायचे, “त्यो मेंढरंवाला कुठं आस्तो रं?” मी म्हणायचो, “हाय की बरा.” मला काहीच माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी वडील गेले. त्याचा नंबर माझ्याकडे होता. मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. ही बातमी द्यायची तर आधी दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि ते मला अजून म्हणता येत नव्हतं. शेवटी काहीच कळवलं नाही.

परवा घंटीवालीचा फोन आला. तो तिला खंडाळ्याच्या स्टँडवर भेटला होता. तिकडेच कुठल्याशा कारखान्यात आहे म्हणाला. तिने माझं नाव काढलं.

“मग?”

“म्हणाला, ‘कोण? न्हाई बा, मी वळखत न्हाई.’”

“हसत म्हणाला का?”

“गाडी लागली होती रे, नीट दिसलं नाही. पण चढता चढता मागे वळला. म्हणाला, ‘तात्यास्नी माजा नमस्कार सांग म्हणावं.’ मी म्हटलं, सांगते.”

वडील गेल्याचं तिलाही माहीत नव्हतं.