खालचं बिस्कीट

सांगलीच्या विश्रामबागेत आता इतके कॅफे झालेत की कॉलेजच्या रस्त्यानं चालताना एका दाराशी सुटलेला लोण्याचा वास पुढच्या दाराशी पुन्हा धरतो. एकाच्या अंगणात झोपाळे टांगलेत. एक जिना चढून वर आहे, तिथं जाळीच्या साच्यात भाजलेली जाड गोड पोळी मिळते, तिला वॉफल म्हणतात. एकात पोरंपोरी सकाळी कॉफी आणि अंडापाव घेऊन बसतात ती जेवणवेळेपर्यंत उठत नाहीत. हे सगळे मला माहीत झाले ते अक्कांमुळे. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या फलटणला गेल्या आणि कितीतरी दिवस मी यांतल्या एकाही दारात पाय ठेवला नाही.

आम्ही दोघी एकाच घरात नांदलो. माझं माहेर जत तालुक्यातलं. शाळा चौथीपर्यंत, आणि चारचौघांत बोलायची सवय कधी झालीच नाही. रिक्षावाल्याला थांबा म्हणायचं असलं तरी मी अक्कांना कोपरानं ढोसायची आणि त्या ओरडायच्या. भाजीवालीशी भाव, बँकेतल्या साहेबाशी हुज्जत, सगळं त्यांच्याकडं. मी पिशवी धरून मागं उभी.

संकष्टीला आम्ही दोघी गणपतीच्या देवळात जायचो. येताना रिक्षा कॉलेजच्या कोपऱ्यावर सोडायची आणि तिथून चालत घर. एकदा उन्हात अक्कांचा गुडघा धरला. समोर एका बंगल्याच्या अंगणात रिकाम्या खुर्च्या दिसल्या. अक्का सरळ आत गेल्या आणि बसल्या.

"आवं अक्का, ते हॉटेल हाय," मी फाटकातूनच म्हटलं.

"मग हॉटेलात काय उभं ऱ्हात्यात व्हय? ये, बस."

दाराजवळ फळा होता. त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात 'ब्रंच' लिहिलेलं. मी अक्षराला अक्षर जोडून वाचलं, तर अक्का म्हणाल्या, "ह्ये काय आणि?" तोवर कॅफेची मालकीण बाहेर आली. तिशीची असेल, अंगात जीन्स, कपाळाला पीठ लागलेलं. तिनं सांगितलं, सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून एकदाच खायचं, दहा-अकराच्या सुमाराला.

"म्हंजे न्याहारी," अक्का म्हणाल्या. "आमी आयुष्यभर तीच न्हेत आलो की रानात. फळ्यावर कुणी लिवलं न्हाई एवढंच."

मालकीण हसली आणि काय देऊ म्हणाली. अक्का माझ्या कानात पुटपुटल्या, "बसलोय तर काय तरी घ्यावं लागंल गं, न्हाईतर उठीवतील." मग मोठ्यानं, "उपासाचं काय हाय का?"

बाईनं जरा विचार केला. चीजकेक आहे म्हणाली. अंडं नाही, भाजलेला नाही, दुधाचं आणि सायीचंच असतं, थंड करून थापलेलं.

"दूध, साय, साखर. चालतंय की. खरवसावाणी असंल."

खरवसासारखं नव्हतं. जिभेवर ठेवलं की आंबटगोड, गार, आणि चावायच्या आधीच नाहीसं. मी आयुष्यात तसलं काही खाल्लं नव्हतं. अक्काही काही बोलेनात, आणि अक्का बोलत नाहीत म्हणजे काहीतरी झालं असं समजायचं. तेवढ्यात माझा चमचा खाली टकटक वाजला.

"थांब!" अक्कांनी माझा हातच धरला. "खाली बिस्कीट हाय. मैदा हाय मैदा! गिळलंस का?"

"न्हाई वो."

"नक्की न्हाई?"

"आईच्यान न्हाई."

अक्कांनी चमच्यानं वरचं सगळं नीट खरवडून घेतलं, अर्धं मला, अर्धं त्यांना. खालचं बिस्कीट मात्र टाकवेना. लोण्यात मळून थापलेलं, तपकिरी, वासाचं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि ते कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. त्या रात्री चंद्र उगवल्यावर गच्चीवर गणपतीला हात जोडले, मोदक खाल्ला, आणि मग अक्कांनी तो रुमाल सोडला. मऊ पडलं होतं. दोघींनी वाटून खाल्लं. एकच वस्तू, वरची बाजू अकरा वाजता आणि खालची चंद्राला. आमचं नंतर तसंच ठरून गेलं.

मग आम्ही दर संकष्टीला एखादा कॅफे बघायचो. वॉफलवाल्याकडं उपासाचं काही नव्हतं, तर अक्कांनी जिन्यावर उभं राहून नुसता वास घेतला आणि "चल, झालं खाऊन" म्हणून खाली उतरल्या. झोपाळ्याच्या कॅफेत आम्ही लिंबाचं सरबत प्यायलो, कारण अक्कांना झोपाळ्यावर बसायचं होतं. पण शेवटी परत त्याच बंगल्यात. घरी माझे यजमान विचारायचे, फौजेतून आलेला माणूस, त्यांना सगळं वेळेवर लागतं, "देवळात एवढा वेळ?" अक्का तोंड न वळवता सांगायच्या, "रांग लय हुती, भावजी."

अक्कांच्या मुलाला फलटणला साखर कारखान्यात नोकरी लागली. तान्ह्या नातवाला सांभाळायला अक्का गेल्या. दिवाळीला येते म्हणाल्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि येणं राहिलं. कारखान्याच्या वसाहतीत चारी बाजूला ऊस, दारातून दिसतं ते गाळपाला निघालेल्या ट्रॅक्टरचं शेपूट, असं त्या सांगायच्या. दर संकष्टीला सकाळी मात्र त्यांचा फोन यायचा.

"गेलीस का गं?"

"पुढच्या चतुर्थीला जाते."

"तुझी पुढची चतुर्थी लय लांब असती बाई. अगं, जाऊन ये आणि मला सांग. मला हितं दुसरं कोण सांगतंय?"

मी दोनदा फाटकापर्यंत गेले होते. आत पोरी हसत असायच्या, कुणी ताटाचा फोटो काढत असायचं. मला वाटायचं, मी आत गेले की सगळे वर बघतील. मग मी चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करून पुढं निघून जायची. घरी आले की गच्चीवर वाळवण घालताना उगाच अक्कांची खुर्ची पुसून ठेवायची.

मागच्या चतुर्थीला फोन आला. अक्कांनी नातवाच्या खोकल्याचं सांगितलं, सुनेच्या माहेरचं सांगितलं, आणि ठेवते म्हणाल्या. गेलीस का, हे विचारलंच नाही. मी फोन हातात धरून उभी राहिले. विसरल्या असतील असं मनाला सांगून बघितलं. पण अक्का विसरत नाहीत. त्यांनी विचारायचं सोडून दिलं होतं. आज हे सोडलं, उद्या फोनही सुटेल, आणि मग आम्ही लग्नकार्यात भेटणाऱ्या दोन जावा होऊन जाऊ. ती भीती फाटकातल्या भीतीपेक्षा मोठी होती.

या संकष्टीला मी देवळातून आले आणि सरळ आत गेले. बाहेरचीच खुर्ची धरली, जिच्यावर अक्का बसायच्या तिच्या शेजारची. कुणी वर बघितलं नाही. वाटेनं मी 'चीजकेक' शब्द पाठ करत आले होते, पण मालकीण समोर आली आणि तोंडातून निघालं, "ते... उपासाचं."

"अय्या, काकू! किती दिवसांनी! एकट्याच? त्या मोठ्या काकू कुठायत?"

"फलटणला."

"बसा, मी आणते. तुमचं मला बरोबर लक्षात आहे."

तिनं काचेच्या वाटीत आणून ठेवलं. नुसतं पांढरं, वर डाळिंबाचे दाणे. म्हणाली, "खाली काही घातलेलं नाही हं. तुम्ही दर वेळी बिस्कीट काढून ठेवता, मी बघितलंय. आजपासून तुमच्यासाठी असंच."

ती किती मायेनं बोलत होती. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. मी वाटीच्या तळाकडं बघत राहिले. तळ काचेचा, आरपार दिसणारा. चंद्राला खायचं काही त्यात नव्हतंच. अक्का असत्या तर ताडकन बोलल्या असत्या. मी शेजारी बघितलं, खुर्ची रिकामी. कोपरानं ढोसायला कुणी नाही.

ती आत वळली तशी मी म्हटलं, "ताई."

आवाज निघाला की नाही कळलं नाही. परत म्हटलं, "ताई, खालचं बिस्कीट पण पायजे."

"पण तुम्ही तर ते टाकता ना?"

"टाकत न्हाई. घरी नेतो. चंद्र उगवल्यावर खातो आमी. उपास सुटल्यावर."

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "बाई गं! आणि मी समजत होते, बाहेर कुत्र्याला टाकता!"

मला हसू आलं. असं हसू आलं की डोळ्याला पदर लावावा लागला, आणि तो मग पटकन खाली घेता येईना. तिनं आतून बिस्किटाचा एक तुकडा कागदात बांधून आणला. चांगला जाड होता.

रात्री सांगलीवर ढग होते. मी गच्चीवर जाऊन फोन लावला. पहिल्यांदाच माझ्याकडून.

"अक्का, गेले हुते."

पलीकडं नातू रडत होता. अक्का सुनेला म्हणताना ऐकू आलं, "धर गं ह्याला जरा." दार वाजलं. अंगणात आल्या असाव्यात.

"आता सांग. पहिल्यापासनं सांग."

मी सांगितलं. कुत्र्याचं ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "चंद्र दिसला का तुला?"

"न्हाई. ढग हाईत."

"मला दिसतोय. उसाच्या वर आलाय बघ. खा तू."

मी हात जोडले, तुकडा मोडला, अर्धा खाल्ला. त्या तिकडून माझं चावणं ऐकत होत्या.

"मऊ पडलंय का?"

"पडलंय."

"मग बरोबर हाय."

उरलेला अर्धा मी डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी यजमानांनी दूध काढताना ती डबी उघडली.

"हे काय गं? कुणाचं?"

"अक्कांचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, डबीकडं बघितलं. देवळातल्या रांगेचं काही विचारतील असं वाटलं. पण त्यांनी एवढंच म्हटलं, "वैनी कवा येणार हाय?"

मी चहाखालचा गॅस बारीक केला. त्यांनी झाकण लावलं आणि डबी होती तिथं, मागच्या कोपऱ्यात परत सारून ठेवली.