भाऊकाकांची समुद्रकाकडी

कुणी खायला बसलं की भाऊकाका समुद्राबद्दल बोलायला लागत. समोर पोह्यांची बशी असली तर हमखास. "मंगल, तारामासा कसा जेवतो ठाऊक आहे? आपलं पोटच तोंडातून बाहेर काढतो, शिंपल्याच्या फटीत सरकवतो, तिथेच पचवतो आणि पोट परत आत घेतो. ताट नको, वाटी नको, खरकटं नको." एवढं बोलून ते माझे राहिलेले पोहे सावकाश संपवत.

बनारसच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या नमुन्यांच्या बरण्या सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. प्रत्यक्ष समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, पुरीला, आणि पाण्यात पाय घातला नाही. "त्यात कोण काय काय सोडतं ते मला माहीत आहे," म्हणाले. गेल्या वर्षी ते गेले. शोकसभेत सगळे त्यांच्या मुलांवरच्या मायेबद्दल बोलले. ते खरंच होतं. मी बोलले नाही, कारण माझ्याजवळ जे होतं ते शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं.

मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले, बँकेत लागले. आमच्या मुलांचं मराठी घरातच राहतं आणि घरातही अर्धं हिंदी होऊन जातं, म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी मुलांचा मराठी वर्ग घेत असे. नऊ वर्षं घेतला. हॉलच्या वर मंडळाच्याच मालकीच्या दोन खोल्या होत्या, त्यांत भाऊकाका राहत. एका रविवारी ते हातात बरणी घेऊन खाली आले. बरणीत मळकट, सुरकुतलेलं काहीतरी होतं.

"ही समुद्रकाकडी. हिला कुणी खायला आलं की ही आपली आतडी काढून त्याच्या तोंडावर फेकते. तो चिकटून बसतो, ही सटकते. मग आत नवीन आतडी उगवतात."

"छी! सच में?" एक मुलगी किंचाळली.

"सच में काय? किळस मराठीत कर."

"शी! खरंच?"

"हां. आता बस."

त्या दिवसापासून वर्गाला गैरहजेरी उरली नाही. हॅगफिश नावाचा मासा बादलीभर पाण्याचा शेंबूड करतो आणि मग स्वतःला गाठ मारून तो अंगावरून निपटून काढतो, हे ऐकून मुलं घरी जाऊन दोरीच्या गाठी मारू लागली. बुळबुळीत, लिबलिबीत, ओकारी, आतडी हे शब्द त्यांच्या तोंडी महिन्याभरात बसले. माझ्या धड्यांना ते कधी जमलं नव्हतं. "आजोबा, पण इतकं गंदं का करतात ते?" असं कुणी विचारलं की काका म्हणत, "किळस ही पोट भरलेल्यांची चैन आहे, बाळा. ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला विचार."

मंडळाच्या गणपतीत आम्ही याचंच नाटुकलं बसवलं. शेंबडासाठी बादलीत ईसबगोल भिजवला. समुद्रकाकडीच्या आतड्यांसाठी मी लाल लोकर आणली. काका ऐकेनात.

"लोकर लोंबत नाही गं. आतडी ओली पाहिजेत. शेवया शिजव आणि कुंकवाच्या पाण्यात बुडव."

"काका, समोर नैवेद्य असणार. लोकरच बरी."

"तू शेवया आण. मी आहे ना!"

मी आणल्या. समुद्रकाकडी झालेल्या पोरीने इतक्या जोरात आतडी फेकली की ती पहिल्या रांगेत बसलेल्या गुरुजींच्या मांडीवर पडली. गुरुजी सोवळ्यात होते, नैवेद्य दाखवायला थांबलेले. सोवळं मोडलं. भाद्रपदातली गंगा चढलेली, त्यामुळे घाटाच्या वरच्याच पायरीवर बसून त्यांनी पुन्हा अंघोळ केली. तासाभराने नैवेद्य झाला तोवर मोदक गार पडले होते. मुलं मात्र अजून टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणी बसली. चिटणीसांनी विचारलं, "शेवया कुणाची कल्पना?" मी काकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"मी मंगलला म्हटलं होतं, लोकर वापर," भाऊकाका म्हणाले. "समोर नैवेद्य असतो म्हटलं. पण आजकाल ऐकतं कोण?"

माझंच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी खरं काय ते सांगितलं. पण ते वयाने मोठे, इथलेच जन्मलेले, आणि मी बाहेरून आलेली सून. वर्ग माझ्याकडून काढून घेतला आणि त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो घेतला. बरण्या वरच ठेवल्या आणि मुलांकडून स्तोत्रं पाठ करून घ्यायला लागले. दिवाळीपर्यंत तीन मुलं उरली.

दोन खोल्या हातच्या जातील ही भीती मला कळते. म्हातारा माणूस, जाणार कुठे? त्या बैठकीत ते नुसते गप्प बसले असते तर मी एवढ्यावरच सोडून दिलं असतं.

दिवाळीनंतर ते घरी आले. "राग गेला का गं?"

"रागाचं राहू द्या. रविवारी सभा आहे. उभं राहून एवढंच म्हणा, शेवया मी सांगितल्या होत्या. मला वर्ग परत हवाय."

"म्हणतो की. त्यात काय एवढं? म्हणतो."

मी पोहे केले. त्यांनी खाली मान घालून खाल्ले.

रविवारी मी मागच्या रांगेत बसले. शेवटी चिटणीस म्हणाले, "आणखी कुणाला काही बोलायचंय?" काका उभे राहिले. मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"मला गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलायचं होतं," काका म्हणाले.

दहा मिनिटं बोलले. गळती, फुटकं झाकण, माकडं. मुद्देसूद बोलले. एकदाही मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. टाकी बदलावी असं सर्वानुमते ठरलं. हात मीही वर केला. टाकी खरंच गळत होती.