तीन गडू आणि नापास परीक्षक

मला वाइन आवडत नाही. हे मी कोणी विचारले नसतानाही सांगतो आणि पुढचा अनर्थ त्यातूनच घडला.

या नावडीला आधार आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यात, पुतण्याच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात, कोणीतरी माझ्या हातात गडद लाल द्रवाचा पेला दिला. मी एक घोट घेतला. जांभळाच्या बिया वाटून, त्यात हिरडा घालून, ते मिश्रण लोखंडी कढईत मुरवल्यास जे तयार होईल ते माझ्या जिभेवर पसरले. (हिरडा आणि लोखंड एकत्र आल्यास शाई तयार होते. मी हे नववीच्या वर्गाला करून दाखवीत असे.) उरलेला पेला मी शेजारच्या कुंडीत ओतला. कुंडीतले झाड प्लास्टिकचे होते आणि कुंडीला बूड नव्हते, हे मला गालिच्याकडे पाहिल्यावर समजले.

मी वाराणसीतल्या एका शाळेत एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. मुलगी मृणाल हिनेही रसायनशास्त्रातच एम.एस्सी. केले. इथल्या महाविद्यालयात तिला प्राध्यापकी मिळत होती. ती नाकारून ती नाशिकजवळच्या एका लहानशा वाइनरीत गेली. मी त्या संस्थेला ‘द्राक्षे सडवण्याचा कारखाना’ म्हणतो. (“आंबवण्याचा, बाबा,” असे ती दर वेळी दुरुस्त करते.) तेव्हापासून दोन वर्षे मी रागावलेलो होतो. हा राग भडक नव्हता. तो सकाळच्या फिरण्यासारखा नियमित होता आणि प्रकृतीला मानवत असे.

अशा स्थितीत गेल्या दिवाळीला मृणाल घरी आली आणि तिने जेवणाच्या टेबलावर अर्ध्या मापाच्या तीन बाटल्या मांडल्या.

“बाबा, ह्या तुमच्यासाठी.”

“मला वाइन आवडत नाही.”

“म्हणूनच.”

मग तिने सगळे समजावून सांगितले. तिच्या मालकीणबाईंचे म्हणणे असे, की ज्यांना वाइन आवडते ते पितातच. ज्यांना आवडत नाही त्यांना पहिल्या घोटात पळवून न लावणारी एखादी सोपी वाइन हवी. मृणालने तीन प्रकार तयार केले होते. तीन टाक्या पूर्णपणे तिच्या जबाबदारीवर भरल्या होत्या.

“सोपी म्हणजे काय?” मी चिडून विचारले. “उदाहरण सोपे असते. वाइन कशी सोपी असेल?”

“तुरटपणा कमी, म्हणून लाल नाही. थोडी गोड, म्हणजे आंबटपणा टोचत नाही. हलकी. आणि गार, कारण गार असली की गोड आणि आंबट दोन्ही सभ्यपणे वागतात. पहिली पांढरी आहे, दुसरी गुलाबी, तिसरीत बारीक बुडबुडे आहेत.”

“आणि एकही पसंत पडली नाही तर?”

“तर तिन्ही टाक्या व्हिनेगर करायला सिरकेवाल्याला. और मैं वापस बोतलें धोने.” (मृणाल घाबरली की हिंदीत बोलते. लहानपणी निकालाच्या दिवशी ती घरभर शुद्ध हिंदी बोलत असे.)

“मग परीक्षक म्हणून मीच का?”

“तिथे सगळे मला ‘छान आहे’ म्हणतात. मला तोंडावर खोटं न बोलणारा माणूस हवाय.”

या वाक्याने मी विरघळलो असतो, पण तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “आणि तुमच्याइतकं नाक मुरडणारं दुसरं कोणी सापडलं नाही.” माझा राग जागच्या जागी राहिला.

भाऊबीज झाल्यावर ती गेली. जाताना एक छापील कागद देऊन गेली. फ्रिजमध्ये ठेवावी. बाटली उघडली की त्याच दिवशी चाखावी. पारदर्शक काचेच्या पेल्यात घ्यावी. खाली रंग, वास, चव आणि ‘पुन्हा प्याल का?’ अशी चार सदरे होती. मी सदरे वाचली. सूचना मी वाचल्या नाहीत, कारण आयुष्यभर सूचना मी देत आलो होतो.

अडचण फ्रिजची होती. आमचा फ्रिज म्हणायला आमचा आहे. खालच्या मजल्यावरच्या पाटणकर काकूंचा फ्रिज श्रावणात बंद पडला आणि त्यांचा मिस्त्री तेव्हापासून ‘बस, आ ही रहा है’. त्यामुळे काकूंचे दही, लोणी आणि नैवेद्याचे दूध आमच्याकडे असते आणि काकू दिवसातून आठ वेळा आमच्या फ्रिजचे दार उघडतात. त्यांचे यजमान पुढच्या खोलीत विद्यार्थ्यांना वेद शिकवतात.

“अहो, सरळ सांगून टाका ना काकूंना,” माझी पत्नी नलिनी म्हणाली. “मुलीनं केलंय म्हणावं.”

“काय सांगू? खाली रुद्राची आवर्तने चालली आहेत आणि वर मास्तर दारूच्या बाटल्या गार करत बसले आहेत?”

“मग गच्चीवर ठेवा.”

“गच्चीवर वानरे आहेत. वानराच्या हाती बाटली गेली तर ब्रह्माघाटावर उद्या कोणाचे नाव निघेल?”

तेव्हा मला उपाय सुचला आणि दुर्दैवाने तो आवडलाही. काशीतल्या कोणत्याही मराठी घरात असतात तसे आमच्याकडे तांब्याचे गडू आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या नातेवाइकांना गंगाजल भरून देण्यासाठी ते लागतात. आमच्या गल्लीत गडूकडे कोणी संशयाने पाहत नाही. मी तीन गडू काढले. ते काळवंडले होते, म्हणून चिंच आणि मीठ घेऊन स्वतः घासले.

“चिंचेतल्या आम्लात तांब्यावरचा काळा थर विरघळतो,” मी घासता घासता नलिनीला समजावले.

“ठाऊक आहे. तीस वर्षं मीच घासतेय.”

रविवारी मी तिन्ही बाटल्या उघडल्या, तीन गडूंत ओतल्या, झाकणे लावली आणि वर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तिसरा गडू लहान निघाला. चार बोटे वाइन बाटलीतच राहिली. तिला बूच घट्ट लावून मी तिन्ही बाटल्या पुस्तकांच्या कपाटात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे लपवल्या. (रिकाम्या बाटल्या कबाडीवाल्याला देणे म्हणजे गल्लीत दवंडी देणे.)

सोमवारी सकाळीच काकूंनी फ्रिज उघडला.

“मास्तर, गंगाजल फ्रिजमध्ये?”

“प्रयोग आहे, काकू.”

“कसला प्रयोग? गंगाजल बिघडत नाही.”

“तेच सिद्ध करतो आहे.”

काकू माझ्याकडे आदराने पाहून दही घेऊन गेल्या. मी निःश्वास सोडला. संकट टळले, असे मला वाटले.

सोमवारी संध्याकाळी पहिली परीक्षा झाली. काचेचा पेला काकूंच्या नजरेत येईल म्हणून मी स्टीलचे फुलपात्र घेतले. माझी नोंद पुढीलप्रमाणे होती. रंग: फुलपात्रात दिसत नाही, सबब शून्य. वास: जुन्या नाण्यांच्या डब्याचा. चव: कडवट आणि स्पष्टपणे धातूसारखी. (हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला. लिहून त्याखाली रेघ ओढली. आणि पुढे गेलो!) मंगळवारची गुलाबी त्याहून वाईट निघाली. शिवाय कडवटपणा जेवणानंतरही जिभेवर राहिला, म्हणून मी आणखी पाच गुण कापले. बुधवारच्या नमुन्याने कहर केला. तिसऱ्या उत्तरपत्रिकेवर मी लिहिले: “बुडबुड्यांचे तोंडी आश्वासन होते. एकही आढळला नाही. ही फसवणूक आहे.”

शंभरपैकी गुण अनुक्रमे अकरा, सहा आणि शून्य.

त्यासोबत मी तीन पानी पत्र लिहिले. पहिल्या पानावर वाइन होती. उरलेल्या दोन पानांवर प्राध्यापकी. रागाचे एक वैशिष्ट्य आहे: तो शुद्धलेखनाच्या चुका होऊ देत नाही, बाकी सगळ्या होऊ देतो. पत्राचे फोटो काढून मी बुधवारीच फोनवरून पाठवून दिले आणि तिच्या भांडणाची वाट पाहत बसलो.

ती भांडली नाही. तिचा निरोप आला: “ठीक है बाबा. आप झूठ नहीं बोलते. उद्या सकाळी सिरकेवाल्याचा टँकर येईल, त्याला हो म्हणते.”

मी तो निरोप तीन वेळा वाचला. दोन वर्षे मला हेच तर हवे होते. तरीही जेवण गेले नाही, आणि त्याचाही मला राग आला.

“मुलगी हिंदीत बोलली,” नलिनी एवढेच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

गुरुवारी सकाळी काकू दही घ्यायला आल्या. दह्याचे भांडे गडूंच्या मागे सरकले होते, म्हणून त्यांनी एक गडू बाहेर काढला, झाकण कलले, आणि त्यांनी नाक आक्रसले.

“मास्तर, ताक ठेवलं होतं का हो ह्यात?”

“नाही.”

“मग पन्हं असेल. काहीतरी आंबट होतं. पार कळकलंय.”

कळकणे. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की भांडे त्यात उतरते आणि पदार्थ कडू होतो. हे सांगायला मराठी स्वयंपाकघराला एकच शब्द पुरतो. मी त्यासाठी तीन पाने लिहिली होती आणि तरीही तो शब्द मला सापडला नव्हता.

“माझ्या सासूबाई असत्या तर पाठीत लाटणं बसलं असतं,” काकू म्हणाल्या. “शाळेत शिकवत नाहीत का हो हे आता?”

“शिकवतात,” नलिनी म्हणाली. “इयत्ता आठवी.”

“कोण शिकवतं?”

नलिनीने माझ्याकडे पाहिले. काकूंनीही पाहिले.

मी संतापलो. काकूंवर, त्यांच्या मिस्त्रीवर, मग तांबे या मूलद्रव्यावर. तांब्यापाशी येईपर्यंत मला बाटलीतली चार बोटे आठवली. मी कपाट उघडले आणि काकूंच्या देखत प्रश्नपत्रिका भराभर जमिनीवर टाकून बाटली बाहेर काढली.

“मृणालनं केलंय, काकू,” नलिनी घाईने म्हणाली. “द्राक्षांचं.”

“वाइन म्हणा ना सरळ. रविवारी कपाटात बाटल्या खणखणल्या, खाली सगळं ऐकू येतं. आमचे हे म्हणाले, मास्तरांच्या औषधाच्या बाटल्या वाढलेल्या दिसतायत, विचारू नकोस.”

बाटली वीस मिनिटे बर्फाच्या कप्प्यात ठेवली. मग नलिनीने वरच्या फळीवरचा काचेचा पेला पुसून दिला. मी परीक्षकाच्या कठोरपणाने घोट घेतला. चार दिवस कपाटात राहूनही पाच-सहा बुडबुडे शिल्लक होते. पिकल्या पेरूचा वास आला. आंबटपणा ओठाला किंचित टोचला आणि लगेच क्षमा मागून बाजूला झाला. खात्रीसाठी मी दुसरा घोट घेतला. ‘पुन्हा प्याल का?’ हे सदर भरायला पेन हाती घेतले, तोवर पेला रिकामा झाला होता.

मी फोन लावला.

“मृणाल, टँकर आला का?”

“गेटवर उभा आहे. क्यों?”

“परत पाठव.”

“बाबा, तुम्हीच लिहिलंय, धातूसारखी चव. मी रात्रीपासून टाकीचे सगळे व्हॉल्व्ह तपासतेय.”

“तुझ्या टाकीत दोष नाही. मी ती गडूत ठेवली होती.”

“कसल्या गडूत?”

“तांब्याच्या.”

“कल्हईच्या?”

“नाही.”

“बाबा, त्याचा पीएच साडेतीनच्या खाली आहे.”

“कल्पना आहे.”

“किती वेळ होती?”

“क्रमांक एक, एक दिवस. क्रमांक दोन, दोन दिवस. क्रमांक तीन—”

“आठवीत मी हाच प्रश्न चुकवला होता,” ती सावकाश म्हणाली. “तुम्ही मला अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं होतंत.”

पलीकडे ती कोणाला तरी ओरडून सांगत होती, “भैया, गाडी वापस ले जाओ. पापा का रिज़ल्ट बदल गया है.” आणि मग ती हसली की रडली, हे मला फोनवर नीट कळले नाही. मी नलिनीकडे फोन दिला आणि जमिनीवरच्या प्रश्नपत्रिका सालवार लावत बसलो.

बुडबुड्यांची वाइन विक्रीसाठी बाटल्यांत भरली गेली. या उन्हाळ्यात तिची पहिली पेटी घरी आली आणि काकूंच्या दह्याशेजारी, काचेच्या बाटल्यांतच, उघडपणे उभी राहिली. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत शेवटची सूचना आहे: ‘तांब्याच्या भांड्यात ओतू नये.’ मालकीणबाईंनी म्हणे विचारले, की इतका मूर्खपणा कोण करील? मृणालने उत्तर दिले, “रसायनशास्त्राचे शिक्षक.”

मी अर्थातच भडकलो. ती ओळ ताबडतोब काढून टाकावी, असे मी तिला फोनवर खडसावून सांगितले.

“पण बाबा, तुम्ही तर सूचना वाचत नाही,” ती म्हणाली. “मग ही दिसली कशी?”

मी फोन ठेवून दिला. ती ओळ लेबलच्या अगदी तळाशी आहे आणि शेवटचा थेंब पेल्यात उतरवायला बाटली पूर्ण उलटी केल्याशिवाय दिसत नाही.